डिंकाच्या लाडवांतला कोको

डबा पत्र्याचा होता, दोन किलोचा, गडद तांबड्या रंगाचा, आणि त्यावर तीन भाषांत मजकूर छापलेला होता. मुंबईच्या गोदीत मालाची मोजणी करणारा कारकून असलेल्या माझ्या मामाने तो आणला. एका परदेशी जहाजावरच्या आचाऱ्याशी त्याची ओळख झाली होती आणि त्याने जाताना भेट म्हणून दिला, असं मामाचं म्हणणं. वडनेरला आमच्या घरात तोवर ‘चाकलेट’ हा शब्द कागदात गुंडाळलेल्या कुठल्याही गोळीला लावला जायचा. संत्र्याच्या चवीची, आंब्याच्या चवीची, पंधरा ऑगस्टला शाळेत वाटतात ती, सगळी चाकलेटंच. खरं चॉकलेट आमच्यापैकी कुणी खाल्लं नव्हतं. मामाने चमच्याच्या दांड्याने झाकण उचकटलं, आतली तपकिरी भुकटी दाखवली आणि म्हणाला, “हे चाकलेटचं पीठ हाय. यात साखर घातली का चाकलेट होते.” शेजारच्या शांताकाकू तेव्हा ताक मागायला आलेल्या होत्या. त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवली आणि ओट्याच्या कडेला जाऊन थुंकल्या. “काय वो बाई हे, किराइत हाय का?” आई थुंकली नाही. तिने ते तोंडात घोळवलं, गिळलं, वर घोटभर पाणी प्यायली आणि म्हणाली, “कडू हाय. म्हंजे औषधी असन.” ते गोड असतं तर तिने त्याच संध्याकाळी गल्लीतल्या पोरांना वाटून टाकलं असतं आणि हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती. कडू निघालं म्हणून डबा देवघराशेजारच्या फळीवर गेला.

कुसुमताई, माझी मोठी बहीण, त्या हिवाळ्यात पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिचं सासर जळगाव जामोदचं. बाबा कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते; बोटांत कापसाचा पुंजका ओढून तंतूची लांबी आणि मालाची प्रत सांगायची, हे त्यांचं काम. हंगाम असल्यामुळे ते आठवडाभर खामगावला राहत आणि सुटीच्या दिवशी घरी येत. उरलो आम्ही तिघी: आई, ताई आणि दहावीत असलेली मी. नांदुऱ्याच्या दवाखान्यात ताईला मुलगी झाली आणि तिसऱ्या दिवशी आम्ही चौघी झालो. मधल्या खोलीत ताईची बाज टाकली होती. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, शेगडीवर अधूनमधून ओवा आणि शेपाची धुरी, ताईच्या कानांत कापूस, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. सव्वा महिना तिने उंबरठा ओलांडायचा नव्हता. बाहेर महामार्गावरून ट्रक जात, त्यांच्या आवाजाने फळीवरची भांडी किणकिणत. पलीकडे पिठाच्या गिरणीचा पट्टा दिवसभर फटफटे. आणि घरात खलबत्त्याचा आवाज, कारण बाळंतिणीच्या लाडवांसाठी खारीक कुटायची म्हणजे दोन दिवसांचं काम. ते काम माझ्याकडे होतं. मी मांडीवर इतिहासाचं पुस्तक उघडं ठेवून कुटत असे. पुस्तकाच्या त्या पानांवर खारकेची पूड बसलेली मला अजून दिसते.

अडचण मेथीची होती. डिंकाच्या लाडवात मेथी हवीच. तिच्याशिवाय कंबर भरून येत नाही, दूध येत नाही, हे आमच्याकडे कुणी सिद्ध करून दाखवलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. पण ताईला मेथीचा वास आला की उलटी होई. आईने मेथी तुपात भिजवून पाहिली, दुधात भिजवून पाहिली. ताईने एक घास घेतला आणि तो परत आला. आई थोडा वेळ हातातल्या परातीकडे पाहत बसली. मग तिने फळीवरचा डबा काढला. मेथी कडू, हेही कडू. मेथी उष्ण, हेही उष्णच असणार. एकाच्या जागी दुसरं घालायला हरकत काय? तरी तिने खात्री करून घ्यायची म्हणून मला हाक मारली.

“शालू, काय लिहेल हाय याच्यावर?”

तीनपैकी दोन भाषा मला कळत नव्हत्या. तिसरी इंग्रजी होती. इंग्रजीत मालाचं नाव होतं, डबा कोरड्या जागी ठेवावा असं होतं, आणि एक कप गरम दुधात एक सपाट चमचा घालावा असं होतं. एवढंच.

“ताकदीचं हाय का?” आईने विचारलं. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत तुपाने माखलेले होते.

“हाव,” मी म्हणाले. “अशक्त माणसाले चांगलं असते, असं लिहेल हाय. बाळंतिणीलेबी.”

असं काहीही लिहिलेलं नव्हतं. मी हे का सांगितलं, याचं आज देता येईल ते उत्तर असं: घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी होते, आईने विश्वासाने विचारलं होतं आणि ‘मला माहीत नाही’ हे वाक्य मला तेव्हा म्हणता येत नव्हतं. चमच्याचं माप मी सांगितलंच नाही. ते दुधासाठी होतं. लाडवाशी त्याचा काय संबंध, असं मला वाटलं.

आईने पाऊण किलो कोको घातला. मेथी असती तर पाव किलो पुरली असती, पण हे पीठ हलकं आहे, कमी पडायला नको, असा तिचा हिशेब. डिंक तुपात फुलला, खोबरं भाजलं, गूळ विरघळला, सुंठ पडली. पन्नास लाडू झाले, ओल्या काळ्या मातीच्या रंगाचे. घरभर जो वास पसरला तसा वास वडनेरमध्ये त्याआधी कुणाच्या घरून आला नसावा, गिरणीवाला दारात येऊन “काय जयलं वो?” म्हणून विचारून गेला. ताईने पहिला लाडू खाल्ला. आम्ही दोघी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. उलटी झाली नाही. तिने बोटं चाटली आणि म्हणाली, “चांगला लागते.” आईने देवाला हात जोडले.

पहिले चार दिवस ठीक गेले. सकाळी एक लाडू, संध्याकाळी एक. मीही रोज एक उचलत होते. त्या दिवसांत माझा अभ्यास कधी नव्हे इतका झाला, पुस्तक मिटावंसंच वाटेना, आणि याचं श्रेय मी माझ्या निश्चयाला दिलं. ताई म्हणायची, “मले झोपच येत नाही वो आई. पोट्टी झोपली तरी मी टकटक पाहून राह्यते. छातीत धडधड करते.” आई म्हणायची, “पहिलटकरीण हायेस. होते तसं.” मग पोरगीही झोपेनाशी झाली. आधी दुपारची झोप गेली, मग सकाळची. झोळीची दोरी आढ्यावर कुरकुरत राहायची, ती थांबली की रडणं सुरू. भांडं पडलं, दार वाजलं, की ती दोन्ही हात फेकून दचकायची आणि नंतर तिचे हात थरथरत राहायचे. तारेला धक्का लागल्यावर ती जशी कापत राहते, तसे.

बारशाला जळगावच्या विहीणबाई, म्हणजे ताईच्या सासूबाई, आल्या. उंच, कमी बोलणाऱ्या. नाव मीना ठेवलं. घुगऱ्या वाटल्या, पाळणा म्हटला. पाळण्यातली मुलगी मात्र सगळा वेळ रडत होती. बायका हसून म्हणाल्या, गळा चांगला आहे, गाणारीण होईल. विहीणबाईंनी तिला मांडीवर घेतलं आणि तिचे हात थरथरताना पाहिले. त्या हसल्या नाहीत. पाहुण्या गेल्यावर त्यांनी आईला स्वयंपाकघरात बोलावलं. मी तिथेच भांडी विसळत होते.

“आमच्या थोरल्याच्या पोराचं असंच सुरू झालं होतं,” त्या म्हणाल्या. “हात कापाचे. मंग फिटा आल्या.”

ताईच्या थोरल्या दिराचा मुलगा सात महिन्यांचा होऊन गेला होता. हे आम्हाला माहीत होतं, कशाने गेला ते माहीत नव्हतं. विहीणबाईंनी पदर सारखा केला. “कुसुमले सांगू नका,” म्हणाल्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेल्या. ताईने ते ऐकलं होतं. मधल्या खोलीची भिंत कुडाची होती.

यापुढचे दहा-बारा दिवस कसे गेले हे मी आजवर कुणाला सविस्तर सांगितलेलं नाही. ताई मुलीवरून नजर हटवतच नव्हती. जेवताना पाहायची, केस विंचरताना पाहायची. शांताकाकूंनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, पोटात वारा धरलाय म्हणून हिंग लावला, दृष्टीचा काळा टिक्का कपाळावरून गालावर हलवला. कशाचा उपयोग झाला नाही. शेवटी त्यांनीच निदान केलं.

“दूध पुरत नसन वो तिले. उपाशी लेकरू रडनच न.”

“एवढे लाडू खाऊन?”

“मंग अजून खाऊ घाल.”

आईला ते पटलं. रडते म्हणजे भुकेली आहे, भुकेली आहे म्हणजे दूध कमी आहे, दूध कमी आहे म्हणजे लाडू वाढवायला हवेत. दोनाचे चार झाले. मीना जास्त रडू लागली. चाराचे सहा झाले. शिवाय सकाळ-संध्याकाळ पेलाभर दुधात दोन मोठे चमचे कोको. ताई न कुरकुरता सगळं खायची. मुलीसाठी तिने त्या दिवसांत वाळूचेही लाडू खाल्ले असते. डब्यातल्या उरलेल्या भुकटीचा दुसरा घाणा झाला, त्याची खारीकही मीच कुटली.

सुटीच्या दिवशी बाबा आले. त्यांनी मुलीला हातावर घेतलं, कापसाचा नमुना घेतात तसं उजेडाकडे नेलं आणि बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, “उद्या खामगावले चाला. लहान लेकरांच्या डॉक्टरीणबाई हायेत तिथं.”

“सव्वा महिना नाही झाला अजून,” आई म्हणाली. “बाळंतीण वाऱ्यात नेतेत का?”

“नेतेत.”

“लोकं काय म्हनतीन?”

“लोकाइच्या घरी नाही रडून राह्यली ते,” बाबा म्हणाले. एवढं बोलून ते हात धुवायला गेले. आईने रागारागाने पिशवी भरायला घेतली. दुपटी, गरम पाण्याची बाटली, ताईसाठी शाल, आणि सर्वांत वर एक पितळी डबा. मोठ्या डॉक्टरकडे रिकाम्या हाताने जाणं तिला बरं वाटेना, म्हणून तिने त्यात आठ लाडू भरले.

सकाळच्या एसटीत खिडकीची जागा मला मिळाली आणि काचा सगळ्या बंद करून घेण्याची जबाबदारीही. मीना नांदुऱ्यापर्यंत रडली, मग पुढेही. एका म्हाताऱ्याने मागून “पाजा न बाई तिले” असं तीनदा सुचवलं. चौथ्या वेळी आईने मागे वळून पाहिलं आणि तो गप्प झाला. खामगावच्या स्टँडवर उतरल्यावर बाबांना केंद्रावर जावं लागलं. दवाखान्याच्या दारापर्यंत ते आले आणि तिथे ताईच्या डोक्यावर हात ठेवून निघून गेले.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या. त्यांनी आधी मुलीचं वजन केलं, जन्माच्या वेळचा कागद पाहिला आणि म्हणाल्या, “वजन छान वाढलंय. दूध भरपूर आहे हिला. ही उपाशी नाही.”

“मंग रडते कायले?” आईने विचारलं.

त्यांनी मुलीला टेबलावर उताणी ठेवली, कपडे काढले, आणि कानाजवळ एकदा टाळी वाजवली. मीना दचकली. हात फेकले गेले आणि थरथरू लागले. ताईच्या तोंडून एक आवाज निघाला. डॉक्टरीणबाईंनी ती थरथरणारी मूठ आपल्या दोन बोटांत हलकेच धरली आणि कोपरात दुमडली. थरथर थांबली. सोडली, पुन्हा सुरू झाली. धरली, थांबली. असं त्यांनी तीनदा केलं, दोन्ही हातांचं केलं, पायाचंही केलं. मग ताईकडे वळल्या.

“तुम्हाला फिटची भीती वाटतेय ना?”

ताईने मान हलवली.

“फिट असती तर नुसतं धरल्याने थांबली नसती. या इकडे. तुम्ही धरून पाहा.”

ताई पुढे झाली. तिने मुलीचा हात धरला. तो थांबला. “आता सोडा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ताईने सोडला नाही. त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

“पण झोप नाही, दचकते, ठोके थोडे जलद आहेत. काहीतरी हिला जागं ठेवतंय. औषध काही चालू आहे? घुटी? अफूबिफू?”

“छा, बाप्पा!” आई म्हणाली.

“आई काय खाते हिची?”

हा प्रश्न आईच्या हक्काचा होता. तिने सांगितलं: बाजरीची भाकर, लसूण, अळिवाची खीर, शेपू, तूप आणि लाडू. लाडू म्हणताच तिला डबा आठवला. तिने तो पिशवीतून काढून टेबलावर ठेवला, झाकण उघडलं आणि आग्रह केला. डॉक्टरीणबाईंनी एक लाडू उचलला आणि अर्धा तोंडात टाकला. चावता चावता त्या थांबल्या.

“यात काय आहे?”

“तिले मेथी सोसत नाही. म्हून कोको घातला.”

“किती?”

“पाऊण किलो असन.”

“किती लाडवांत?”

“पन्नास.”

“आणि रोज किती खातात?”

“आधी दोन. आता सहा. अन् दुधातबी देतो, दोन टाइम.”

डॉक्टरीणबाईंनी उरलेला अर्धा लाडू कागदावर ठेवला, पाणी प्यायल्या आणि हसू लागल्या. बारशानंतर प्रथमच कुणी आमच्यासमोर हसत होतं. “मावशी,” त्या म्हणाल्या, “मी सकाळपासून दोन चहा घेतलेत. हा अख्खा खाल्ला असता तर माझी आजची दुपारची झोप गेली असती. ही तर महिन्याचीही नाही.” मग त्यांनी खुर्ची ओढून नीट समजावून सांगितलं. चहा-कॉफीत असतं ते कॅफीन कोकोतही थोडं असतं, आणि त्याच घराण्यातलं दुसरं एक द्रव्य, थिओब्रोमीन, पुष्कळ असतं. दोन्ही माणसाला जागं करतात, छाती धडधडवतात. आईच्या पोटातून त्यातलं थोडं दुधात उतरतं. मोठ्या माणसाच्या शरीरातून ते काही तासांत निघून जातं. एवढ्या लहान जिवाचं यकृत अजून कच्चं असतं, त्याला कित्येक दिवस लागतात. निघून जायच्या आत पुढचं येतं. साचत जातं.

“पन ते तं कडू हाय,” आई म्हणाली. तिचा सगळा युक्तिवाद त्यात होता.

“जे जागं ठेवतं तेच कडू लागतं, मावशी. तुम्हाला कुणी सांगितलं बाळंतिणीला हे द्या म्हणून?”

“डब्यावरच लिहेल हाय. विंग्रजीत. आमच्या शालूनं वाचलं.”

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आईने पाहिलं. ताईने पाहिलं, मुलीचा हात धरूनच.

“तसं लिहिलेलं नाही,” मी म्हणाले. “एक कप दुधाला एक सपाट चमचा, एवढंच लिहिलंय.”

डॉक्टरीणबाईंनी केसपेपर पुढे ओढला. लाडू बंद, दुधातला कोको बंद, ताईचा चहाही काही दिवस बंद. दूध पाजणं चालू. आठवड्यात फरक पडेल. हात धरूनही थरथर थांबली नाही, डोळे फिरवले किंवा प्यायची थांबली, तर त्याच दिवशी आणायचं. पण तसं होणार नाही, असं त्या म्हणाल्या. “औषध नाही देत?” आईने दोनदा विचारलं. “नाही,” त्या दोनदा म्हणाल्या. दुसऱ्या द्रव्याचं नाव मी त्यांना पुन्हा विचारलं आणि एसटीच्या तिकिटामागे लिहून घेतलं.

परतीच्या गाडीत आई माझ्याशेजारी बसली. जलंब फाटा गेला, नांदुरा आलं. स्टँडवर गाडी थांबली, फुटाणेवाला खिडकीशी येऊन गेला. मग तिने समोर पाहतच विचारलं.

“म्हंजे तू आपल्या मनानं सांगतलं?”

“हाव.”

“काऊन?”

“तू विचारलं म्हणून.”

वडनेर दिसायला लागलं. उतरायची वेळ झाली तेव्हा तिने पिशवी उचलली आणि म्हणाली, “मले तं ते टाकाचंच होतं. तू नाही म्हनली असती तरी टाकलं असतं.” थोडं थांबून म्हणाली, “अन् तू रोज एक चोरून खात होतीस थे मले माहीत हाय. म्हूनच एवढा अभ्यास चालला होता, भवाने.” पुढच्या सीटवर ताई हसली. मोठ्याने नाही, पण खांदे हलले.

पुढे माझं सगळं नोकरीचं आयुष्य वर्तमानपत्राच्या कचेरीत गेलं आणि त्यातली काही वर्षं आरोग्याची पुरवणी माझ्याकडे होती. चॉकलेटची बातमी दर वर्षी येते. एका वर्षी ते हृदयाला चांगलं असतं, दुसऱ्या वर्षी नसतं. कधी मन प्रसन्न करतं, कधी डोकं दुखवतं. अशा बातम्या आणणाऱ्या उपसंपादकांना मी दोनच प्रश्न विचारत असे: किती, आणि कुणाला? त्यांची उत्तरं कागदावर नसतील तर बातमी थांबायची. मी चिकित्सक आहे असा लौकिक झाला. काहींनी तो कौतुकाने सांगितला, काहींनी वैतागून. मला चॉकलेट आवडतं. मधुमेह नसल्याने आजही एखादा तुकडा खाते, दुपारी चारच्या आत. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं नंतर मी पुस्तकांतून ताडून पाहिलं. ते बरोबर होतं.

उरलेले लाडू बाबांनी खरेदी केंद्रावर नेले आणि हमालांना वाटले. त्या आठवड्यात गाड्या भराभर रिकाम्या झाल्या, असं ते सांगत. त्यांच्या तोंडून मी ऐकलेला हा एकमेव विनोद.

घरी मात्र पहिले तीन दिवस काहीच बदललं नाही. मीना रडत होती, दचकत होती. ताई दर तासाला तिचा हात धरून पाहायची. थांबला की सोडायची. चौथ्या दिवशी स्वतः ताई दुपारी तीन तास झोपली. पाचव्या दिवशी सकाळी मीना दूध प्यायली आणि झोपली. अर्धा तास झाला, तास झाला. आईने जवळ जाऊन तिच्या नाकाशी बोट धरलं, श्वास जाणवला तशी ती मागे सरकली. दोन तास झाले. आईने पुन्हा बोट धरलं. मुलगी एकदा जागी झाली, प्यायली आणि पुन्हा झोपली. शांताकाकू धावत आल्या. रोजचा आवाज आला नाही म्हणून त्या घाबरल्या होत्या. आईने ओठांवर बोट ठेवलं, तशा त्या उलट पावली परत गेल्या आणि आपल्या घरातलं रेडिओचं बटण बंद केल्याचं आम्हाला ऐकू आलं.

त्याच दुपारी जळगावच्या विहीणबाई आल्या. कळवून आल्या नव्हत्या. मी ओसरीवर पुस्तक घेऊन बसले होते. त्या अंगणात थांबल्या आणि ऐकू लागल्या. गेल्या वेळी मुलीचं रडणं त्यांना सडकेपर्यंत ऐकू आलं होतं. आता घरात काहीच आवाज नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पिशवी पायाशी ठेवली आणि पायरीवर बसल्या. मी “या” म्हणाले, तरी त्या उठल्या नाहीत. त्यांचा चेहरा पाहून त्यांनी या शांततेचा काय अर्थ घेतला ते मला कळलं, पण तोवर आई दारात आली होती.

“हळू बोला, विहीणबाई. झोपली हाय.”

“झोपली?”

“सकायपासून. मंधात उठली, पेली, अन् पुन्हा झोपली.”

विहीणबाईंनी खांबाला हात लावला आणि त्याच्या आधाराने उठल्या. मधल्या खोलीत ताई भिंतीकडे तोंड करून गाढ झोपली होती, झोळी स्थिर होती. त्या झोळीजवळ खाली बसल्या. आईने कुजबुजत सगळं सांगितलं. लाडू सांगितले, डॉक्टरीणबाईंनी मूठ कशी धरली ते स्वतःच्या हातावर करून दाखवलं. चूक सगळी स्वतःकडे घेतली. डब्यावर काय लिहिलं होतं आणि ते कुणी वाचलं, हा भाग तिने गाळला. विहीणबाई ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, “म्या लय खेपा धरला होता थोरल्याच्या त्या पोराचा हात. थांबे नाही.”

आई त्यांच्या शेजारी बसली. झोळीच्या कापडातून मीनाचा हात बाहेर आला, बोटं उघडी. विहीणबाई त्या हाताकडे पाहत राहिल्या. तो हलला नाही. त्यांनी आपलं एक बोट त्यात ठेवलं आणि झोपेतच मुलीने ते धरलं.

ऊन ओसरीवरून खाली उतरलं. जळगावला जाणारी शेवटची गाडी धरायची तर आता निघायला हवं होतं. आईने हळूच आठवण केली.

“जाऊ द्या गाडी,” विहीणबाई म्हणाल्या. “हिनं सोडलं का मंग पाहू.”